आधी रुमाल, मग टॉर्च

वर्कशॉपमधले किस्से ग्राइंडिंगच्या धुळीसारखे असतात. संध्याकाळी घरी जाऊन साबणानं दोनदा तोंड धुवा, दुसऱ्या दिवशी कानातून निघतातच. मी काही ते जमवायला बसले नव्हते, मी वेल्डिंग शिकवायला बसले होते. पण चितेगावातल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये एक तुकडी शिकवून बाहेर काढली, आणि आता कुणाकडंही चहाला गेले की माझ्या तोंडून दुसरं काही निघत नाही.

आधी शेडबद्दल थोडं. मी मेकॅनिकलची इंजिनिअर. चार वर्षं कॉलेजात वेल्डिंगवर उत्तरं लिहिली, आकृत्या काढल्या, मार्क मिळवले. लोखंड वितळवणारा वेल्डिंगचा टॉर्च मात्र एकदाही हातात धरला नाही. त्याचा मला इतका राग होता की पास झाल्या झाल्या ठरवलं, आधी स्वतःचा हात बसवायचा, मग टिग वेल्डिंगचा, म्हणजे गॅसच्या झोतात टंगस्टनच्या टोकानं करायच्या नाजूक वेल्डिंगचा वर्ग काढायचा आणि तिथं एकही गोष्ट फळ्यावर शिकवायची नाही. शेड रहीमचाचांची. त्यांनी शहरात गुलमंडीच्या मागच्या गल्लीत तीस वर्षं ग्रिलं आणि गेटं जोडली. नजर थकल्यावर दुकान मुलाला दिलं आणि इथं माझ्यासोबत शिकवायला आले. म्हणजे मी शिकवायचे आणि ते हसायचे.

पहिल्या तुकडीत नऊ जण होते, पण सांगण्यासारखं बहुतेक सगळं दोघांनीच केलं. एक विलास, लासूर स्टेशनचा. घरी भरपूर शेती, पण याला कंपनीतच काम करायचं होतं आणि तेही उद्यापासून. दुसरी मंदा. पैठण रोडच्या आतल्या एका वस्तीवरची, मेंढपाळाच्या घरातली, बारावी झालेली. तिला सोडायला तिचे वडील आले होते. त्यांनी खांद्यावरचं घोंगडं सुद्धा खाली ठेवलं नाही, उभ्या उभ्याच मला हिशेब सांगितला.

"दिवाळी झाली की आम्ही मेंढरं घिऊन गोदावरीकडं उतरणार. तवर पोरीला काम लागलं तर ती मामाकडं राहील. नाय लागलं तर कळपासंगं चालंल."

मंदा त्यांच्या मागं उभी होती. ती माझ्याकडं बघत होती. मी म्हटलं, लागेल काम. तेव्हा मला स्वतःलाच काय येतं याचा मी फारसा विचार केला नव्हता.

*

पहिल्या दिवशी सगळे हेल्मेट डोक्यावर घालून मशीनसमोर बसले. मी एकेकाच्या हातात लोखंडाची पट्टी दिली आणि एक पांढरा रुमाल. डझनभर रुमाल चाचांनी गुलमंडीतून आणले होते.

लोखंडाचा नवा पत्रा वरून काळा असतो. कारखान्यात तापवून लाटताना तो काळा थर बसतो. त्यावर तेल, गंज, हाताचा घाम. टिगला यातलं काहीही चालत नाही. वितळलेल्या लोखंडात मळ गेला की आत बुडबुडे राहतात, जोड पोकळ होतो. म्हणून आधी ग्राइंडर, मग पॉलिश पेपर, मग तेल काढायला अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेलं फडकं. शेवटी पांढरा रुमाल पट्टीवरून फिरवायचा. रुमाल काळा झाला की पट्टी परत.

विलासनं विचारलं, मशीन कधी चालू करायचं?

"रुमाल पांढरा राहील त्या दिवशी," मी म्हटलं.

त्या दिवशी नऊच्या नऊ रुमाल काळे झाले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी विलासचा रुमाल बर्फासारखा पांढरा निघाला. मी त्याची पाठ थोपटली. मंदा शेजारीच घासत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "मॅडम, त्याच्या दुसऱ्या खिशात बघा."

दुसऱ्या खिशात काळा रुमाल होता.

*

या सगळ्यात चाचा खुर्चीवर बसून चहा प्यायचे. त्यांचं म्हणणं, आम्ही आयुष्यभर गंजलेल्या लोखंडावर साध्या कांडीचा आर्क मारला, गेटं अजून उभी आहेत. एक दिवस त्यांनी कप खाली ठेवला, भंगारातली एक गंजकी पट्टी उचलली आणि म्हणाले, "हटो. इत्ता घिसने की जरूरत नक्को. मैं दिखाता."

मी अडवलं नाही. खरं सांगायचं तर मला हेच हवं होतं.

चाचांचा हात असा की बघत राहावं. न हलता, न घाई करता त्यांनी चार इंच ओढले. पण टॉर्चच्या टोकाखाली ठिणग्या उडत होत्या, तडतड आवाज येत होता. हेल्मेट वर केलं तर पट्टीवर मधमाशांचं पोळं. इतकी भोकं की मोजायला नको.

चाचांनी चिमट्यानं पट्टी भंगारात परत टाकली. मुलं हसू दाबून उभी. मग त्यांनी एक पॉलिश पेपर उचलला आणि मंदाशेजारी जाऊन बसले.

"आर्क घर का आदमी था, जो सामने रखा वो खा लिया," ते म्हणाले. "ये टिग तो दामाद है. थाली चमकनी होना."

त्या दिवसापासून शेडमध्ये पट्टी घासायला बसणं म्हणजे जावयाची थाळी घासायला बसणं. आजही.

*

आता माझा किस्सा. तो लपवून बाकीच्यांचे सांगणं बरोबर नाही.

पट्टी साफ झाली, पण जोडात भरायची तारही साफ हवी, यावर मी एकदा अर्धा तास बोलले. ज्याला बोट लागतं त्याला तेल लागतं, तार पुसल्याशिवाय हातात धराल तर घरी पाठवीन, वगैरे. आवाज चढला होता. मग प्रात्यक्षिक. टॉर्च पेटवला, तार घातली, आणि भोकं!

पुन्हा केलं, पुन्हा भोकं. मी गॅसची बाटली तपासली, नळी तपासली, टंगस्टनला धार लावली. पट्टी चार वेळा पुसली.

शेवटी मंदा हळूच म्हणाली, "मॅडम, बोलताना तुम्ही तार अंबाड्यात खोचली व्हती."

सकाळीच मी केसांना खोबरेल लावलं होतं.

त्या दिवशी घरी जायची पाळी माझी होती. मुलांनी जाऊ दिलं नाही, पण चाचांनी शंभर तारा पुसायला दिल्या.

*

विलासला घासायचा इतका कंटाळा की त्यानं एकदा शोधच लावला. लासूरहून येताना घरातल्या पाइपलाइनचे उरलेले नवे तुकडे पोत्यात भरून आणले. चांदीसारखे चकाकणारे. म्हणाला, "मॅडम, याला घासायचंच नाही. बनतानाच साफ आहे."

रुमाल फिरवला, पांढरा राहिला. नियम माझा, रुमाल माझा. विलासनं हेल्मेट खाली ओढलं.

एवढ्यात चाचा कधी नव्हे ते खुर्चीवरून धावत आले आणि मशीनचं बटणच बंद केलं. पाइपावर नख मारून दाखवलं. वरचा थर लोखंडाचा नव्हता, जस्ताचा होता. जस्त जळलं की पांढरा धूर निघतो आणि तो छातीत जातो.

"मेरी जवानी में एक दिन दिनभर ऐसे पाइप जोड्या था," चाचा म्हणाले. "दो दिन गोधडी में काँपता पड्या था. डाक्टर बोले मलेरिया. मेरेकू मालूम था क्या है."

विलासनं पोतं बाहेर नेऊन टाकलं. मी त्या रात्री माझ्या वहीत लिहिलं की रुमालाला सगळं कळत नाही. दुसऱ्या दिवशी दारावर चुन्यानं लिहून टाकलं: चकाकतं ते साफ असेलच असं नाही, विचारा. कॉलेजात जस्ताच्या धुरावर मी चार मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. चारपैकी चार मिळाले होते.

*

वर्ग सुरू होऊन आठवडा झाला असेल, मंदाचे वडील आले. या वेळी घोंगडं खाली ठेवलं, म्हणजे बोलायला वेळ काढून आले होते.

"आठ दिस झाले. पोरगी घरी येती, हात काळे. इचारलं काय शिकलीस, तर म्हणती लोखंड घासायलेय. लोखंड घासायला हिला बारावी केली का?"

मी श्वास घेतला. माझ्याकडं उत्तर तयार होतं, त्यात काळा थर होता, बुडबुडे होते, कॉलेजची चार वर्षं होती. मंदानं मला हातानं थांबवलं.

"आबा, मेंढरं धुतल्याबिगर कातरतो का आपण?"

आबांनी हातातली काठी खाली ठेवली.

"नाय."

"का?"

"लोकरीत माती असली की कातर अडती. लोकर बी कुणी घेत नाय." आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "पाण्यात घालून एकेक धुवावं लागतं. दोन दोन दिस जातात."

ते खाली बसले. मंदाची पट्टी मागून घेतली. मेंढरू निवडताना लोकर पाहावी तशी तिरकी धरून उजेडात पाहिली, उलटी करून पाहिली. मग अंगठा घट्ट दाबून तिच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला.

"व्हय. धुतलीय चांगली," म्हणाले, आणि पट्टी तिच्या हातात देऊन उठले.

ते रस्त्याला लागेपर्यंत मंदा हसऱ्या चेहऱ्यानं उभी होती. मग खाली बसली आणि ती पट्टी पुन्हा पहिल्यापासून घासायला घेतली.

*

दिवाळी जवळ येत होती. चितेगावातल्याच एका तेलाच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात वेल्डरच्या भरतीची चाचणी होणार असं कळलं. दिवाळीनंतरच्या शनिवारी. मी ठरवलं, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी चाळीस पट्ट्या घासून, पुसून ठेवायच्या आणि पूजा झाली की रोज चाचणीचा सराव. मुलांनी संध्याकाळपर्यंत मान मोडून चाळीस पट्ट्या तयार केल्या. मी चाळीस वेळा रुमाल फिरवला. चाळीस वेळा पांढरा.

खंडेनवमीला सकाळी मी जरा उशिरा पोचले. मशीनला हार, गॅसच्या बाटलीला हार, ग्राइंडरवर झेंडू. मी हात जोडले. मग टेबलाकडं बघितलं. चाळीसच्या चाळीस पट्ट्यांवर हळदकुंकवाची बोटं, आणि वरून नारळाचं पाणी शिंपडलेलं.

मी काय काय बोलले ते सांगत नाही. विलासनं पूजा केली होती. तो अगदी शांतपणे म्हणाला, "मशीनला कुंकू लावलेलं चाललं तुम्हाला. काम तर पट्टीवर होतं. तिनं काय पाप केलं?"

चाचांनी आणलेले पेढे हातात घेऊन मी नुसती उभी राहिले.

मार्ग मंदानं काढला. भंगारात जाऊन तिनं सगळ्यात गंजकी, वाकडी पट्टी शोधून आणली आणि फळीवर उभी केली. "हिला बसवा," म्हणाली. "सगळी हळद, सगळं कुंकू हिला. हिला कुणी घासायचं नाय."

ती पट्टी अजून तिथंच आहे. नवीन कुणी आलं आणि उत्साहानं तिला हात लावायला गेलं की चाचा खुर्चीवरून ओरडतात, "उनकू नक्को! वो बडे साब है!"

बाकीच्या चाळीस आम्ही पुन्हा घासल्या. त्याच वेळी रागाच्या भरात मी एक नियम करून टाकला. जोडाच्या दोन्ही बाजूंना इंचभर साफ केलं तरी खरं तर पुरतं. पण हे लोक त्यातही चोरी करतात म्हणून मी सांगितलं, अख्खी पट्टी. दोन्ही अंगांनी. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. एक ठिपका दिसता कामा नये.

हा नियम लक्षात ठेवा.

*

चाचणीच्या शनिवारी विलास आणि मंदा आत गेले. मी आणि आबा फाटकाबाहेर, लिंबाच्या सावलीत. आबांनी वस्तीवरचं सामान बांधून ठेवलं होतं. सोमवारी कळप निघणार होता.

तासाभरानं विलास बाहेर आला. त्याला "कळवतो" म्हणाले होते. पण त्याला स्वतःचं काही सांगायचंच नव्हतं, तो आतलं मंदाचंच सांगत सुटला.

सहा जण होते. प्रत्येकाला काळ्या पट्ट्यांचा एक जोड दिला. पट्ट्यांवर मार्करनं नंबर लिहिलेला. मंदाचा चार. वेळ अर्धा तास. बाकीच्यांनी वरवर घासून पाच मिनिटांत टॉर्च पेटवले. मंदा वीस मिनिटं घासत होती. अख्खी पट्टी. दोन्ही अंगांनी. मग अ‍ॅसिटोन, मग तार, मग रुमाल. राहिलेल्या दहा मिनिटांत वेल्ड.

सुपरवायझर पट्ट्या गोळा करत आले. मंदाचा जोड उचलला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. नंबर नाही. काळा रंग नाही. आरशासारखं लोखंड.

"ही आमची पट्टी नाही," ते म्हणाले. "घरून करून आणलीस?"

इथं मी विलासला थांबवलं. नंबर कुणी पुसला? मी पुसला होता. खंडेनवमीला, रागाच्या भरात. मी उठून फाटकाकडं निघाले. आबांनी काठी आडवी धरली.

"बसा. परक्यानं मधे हात घातला की कळप बुजतो."

"अहो, पण ती काय सांगणार त्यांना?"

"काय म्हणली ती?" आबांनी विलासला विचारलं.

विलास म्हणाला, ती रडली नाही, चिडली नाही. म्हणाली, "साहेब, बाकीच्या मोजा. जो आकडा सापडत नाय तो माझा."

आबांनी फक्त मान हलवली.

सुपरवायझरनं मोजल्या. एक, दोन, तीन, पाच, सहा. तरी त्यांचं समाधान होईना. त्यांनी आतून दुसरा जोड आणवला. या वेळी नंबर लोखंडातच ठोकून कोरलेला, सात. टेबलावर ठेवला आणि म्हणाले, या आमच्याच माणसांनी घासून ठेवल्या आहेत, साफ आहेत. सरळ वेल्ड मार, माझ्यासमोर.

मंदानं टॉर्च उचललाच नाही. खिशातून रुमाल काढला, घडी मोडली, पांढरी बाजू वर केली आणि साहेबांच्या हातात दिला.

साहेबांनी तो पट्टीवरून फिरवला. बघितला. काळा.

मग ते कारखान्याच्या शेडच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथं त्यांचेच दोन वेल्डर एका टाकीचा जोड लावून तयार बसले होते. साहेबांनी रुमालाचं दुसरं टोक त्या जोडावरून फिरवलं. बघितलं. सगळी शेड बघत होती. ते परत आले, रुमालाची नीट घडी घातली, स्वतःच्या खिशात ठेवली आणि बाकीच्या सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं.

"पुढं?" मी विचारलं.

"पुढचं मला काय माहीत? मला बाहेर काढलं ना!" विलास म्हणाला.

आम्ही तिघं फाटकाकडं बघत बसलो. आत ग्राइंडर सुरू झाला. एक बंद झाला, दुसरा सुरू झाला. बराच वेळ नुसता ग्राइंडरचा आवाज येत होता. आबांनी तंबाखू काढली, मळली, आणि न खाताच पुन्हा पिशवीत टाकली.

मंदा आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत काळे होते.

"काय झालं?" मी धावतच गेले.

"रुमाल गेला, मॅडम. साहेबांनी ठिवून घेतला."

"मरू दे रुमाल. कामाचं काय म्हणाले?"

"कामाचं काय नाय बोलले. टाकीचा जोड माझ्याकडनं घासून घेतला. सोमवारी सकाळी आठला ये म्हणले, रुमाल न्यायला. येताना डबा आण म्हणले."

आबा काठी टेकून उठले. एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं.

"एका रुमालासाठी डबा कशापायी?"